शाखा अकरा

स्मरणिकेत दोनच पानं मिळतील, चारुशीलाबाई म्हणाल्या,
शाखा आणि त्यांची नावं, बस्स,
गौरींच्या आत छापखान्यात गेलं पाहिजे.
आणि किल्ली दिली त्या कपाटाची
ज्याचं खालचं दार पानशेतच्या पुरापासून
लाथ मारल्याशिवाय उघडत नाही.

बँकेत अठ्ठावीस वर्षं लेजर जुळवलीत मी.
वाटलं, चार दुपारींचं काम.

पहिलीच अडचण: शाखा शनिवार.
शनिवार पेठेतली, की शनिवारी भरणारी?
इतिवृत्त सांगतं, 'शनिवारची सभा
बुधवारी शुक्रवारात झाली.'
तीनदा वाचलं. समासात पेन्सिलीनं लिहिलं: पुणं.

मग बायकांची नावं.
शाखा सदाशिव, चिटणीस कु. कृष्णा आगाशे,
जूनमध्ये संपते.
ऑगस्टात कुणी सौ. उमा बेहेरे हजर होते
आणि तिचा ळ तोच,
शेपूट उजवीकडे भिरकावणारा.
नाव माहेरी राहिलं. ळ तेवढा
रुखवतातून निसटून सासरी आला.

शाखा नारायण फुटली, हळदीकुंकवाला
विधवांना बोलवायचं की नाही यावरून.
बोलवणाऱ्या झाल्या नवी नारायण.
न बोलवणाऱ्यांनी नाव घेतलं मूळ नारायण,
ठळक, दोनदा अधोरेखित.
तिसऱ्या वर्षी मूळच्या अध्यक्षीणबाईंचे यजमान वारले.
त्यापुढच्या सभेचा हजेरीपट कोरा आहे.

अकरावी शाखा यादीत नुसता आकडा.
नावाच्या जागी: 'मागाहून'.
दरमहा जमा, सव्वा रुपया.
अकरा, मागाहून, सव्वा.
अकरा, मागाहून, सव्वा.
पुराच्या साली सतरा घोंगड्या, अकरा, मागाहून.
नऊ वर्षांत एक हप्ता चुकला नाही,
आणि मी सांगते,
अशी खाती आमच्या शाखेत हाताच्या बोटांवर होती.

पावतीपुस्तक तळाशी होतं, पुरानं पानं चिकटलेली.
चहाच्या आधणावर धरून एकेक सोडवलं.
स्थळप्रती. जांभळे अंगठे.
हिरा. शेवंता. कासाबाई. मदिना.
आडनाव नाही. सौ. नाही, कु. नाही, श्रीमती नाही.
पत्ता: बुधवार, दाणे आळी, मागचा जिना.
आणि घडी घातलेला एक अर्ज,
पैसे देऊन लिहून घेतलेला असावा, अक्षर कारकुनी:
'गुरुवारी दुपारी आम्हांस उसंत असते.
त्या वारी जमतो.
सबब शाखेचे नाव गुरुवार ठेवावे ही विनंती.'

खाली वेगळ्या शाईत:
गुरुवार पेठेच्या भगिनींची हरकत.
एकच नाव दोघींस दिल्यास गैरसमज होईल.
तूर्त नाव मागाहून.

गैरसमज.
वेताळ पेठेची गुरुवार केली तेव्हा
वेताळाची हरकत कुणी विचारली होती?

चारुशीलाबाईंना फोन केला.
त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या,
दहा शाखा म्हटलं की कसं गोल वाटतं नाही?
बघा तुम्ही.

मी मागचा जिना बघायला गेले.
खाली मोबाईलची कव्हरं विकणारा पोरगा,
म्हणाला, वर कुणी नसतं काकू, वर इन्व्हर्टरचं गोडाऊन.
तरी सहा पायऱ्या चढले. सातवीवर पुठ्ठ्यांचा ढीग होता.
परत उतरले. एक कव्हर घेतलं, उगाच,
माझ्या फोनला ते बसतही नाही.

परवा छापखान्यातून फोन.
मॅडम, यादीत गुरुवार दोनदा पडलंय,
चारला आणि अकराला. खालचं उडवू?

म्हटलं, दोन्ही ठेवा.
वरची पेठ आहे.
खालचा वार.

तो बरं म्हणाला,
आणि बिल कुणाच्या नावानं करायचं ते विचारलं.